क्रियापद कोणाचं ऐकतं?

इंग्रजी व्याकरणात सगळ्यात आधी शिकवतात ते म्हणजे ही, शी, इट आलं की क्रियापदाला एस लावायचा. ही गोज, शी गोज, इट गोज. नियम एका ओळीचा, पाठ व्हायला वेळ लागत नाही, आणि तरीही वर्षानुवर्षं इंग्रजीत काम करणाऱ्या, वाचन दांडगं असलेल्या माणसांच्या लिखाणात मला सगळ्यात जास्त चुका इथेच सापडतात. माझं कामच मराठीत विचार करणाऱ्या लोकांनी इंग्रजीत लिहिलेले मसुदे तपासायचं आहे, त्यामुळे ही वाक्यं रोज डोळ्यांखालून जातात आणि ती बघून बघून माझं आता ठाम मत झालंय की अडतं ते त्या एसपाशी नाहीच, अडतं ते वाक्यात कर्ता नेमका कुठे बसलाय हे हुडकण्यात. आणि ते हुडकण्याची ताकद मराठी माणसाकडे जन्मापासून असते. फक्त ती इंग्रजीसाठी वापरता येते हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

एकच वाक्य घेते, कारण त्याच्या शंभर आवृत्त्या मी वाचल्यात. ‘द क्वालिटी ऑफ द रिपोर्ट्स हॅव इम्प्रूव्ड.’ लिहिणाऱ्याला हॅज आणि हॅव यातला फरक व्यवस्थित माहीत आहे. नुसतं ‘क्वालिटी’ असतं तर त्याने डोळे मिटून ‘हॅज’ लिहिलं असतं. पण मध्ये ‘रिपोर्ट्स’ आला, अनेकवचनी आला, क्रियापदाला अगदी खेटून बसला, आणि हाताने शेजारी बघून ‘हॅव’ लिहिलं.

आमच्याकडे नव्याने लागलेल्या एका मुलाशी याच वाक्यावरून बोलणं झालं होतं. तो म्हणाला, “ताई, पण रिपोर्ट्स अनेकवचन आहे ना, मग हॅव नको का?” मी म्हटलं, हेच मराठीत सांग बघू. तो म्हणाला, “अहवालांचा दर्जा सुधारला आहे.” मग मी विचारलं की अहवाल तर खूप आहेत, तू ‘सुधारले आहेत’ का नाही म्हणालास? तो माझ्याकडे बघतच राहिला, कारण असं कुणी म्हणू शकतं हेच त्याला पटेना. “असं कसं म्हणणार ताई, सुधारला तो दर्जा, अहवाल नाही.” झालं की मग. याच्यापुढे मला त्याला इंग्रजीचा कुठलाच नियम सांगावा लागला नाही.

पण मला स्वतःला तो प्रश्न काही सोडत नव्हता, की मराठीत हे इतकं अशक्य का आणि इंग्रजीत इतकं सोपं का. मला दोन कारणं दिसतात आणि दोन्ही मराठीच्या रचनेत आहेत.

पहिलं म्हणजे प्रत्यय. ‘अहवाल’ला प्रत्यय लागला की त्याचं सामान्यरूप होतं, ‘अहवालां’ असं झालं की त्याच्याकडे बघूनच कळतं की हा आता कर्ता नाही. त्यात पुन्हा तो ‘चा’ आहे. हा चा-ची-चे फार गुणी प्रत्यय आहे, तो लागतो अहवालाला पण ऐकतो पुढच्या शब्दाचं. अहवालांचा दर्जा, अहवालांची भाषा, अहवालांचे निष्कर्ष. म्हणजे तो प्रत्ययच बोट दाखवून सांगतो की मालक पुढे आहे, पुढे बघा. इंग्रजीतला ‘ऑफ’ मुका आहे. तो पुढच्या नामाच्या रूपाला हातही लावत नाही, त्यामुळे ‘रिपोर्ट्स’ कर्ता असताना जसा दिसतो तसाच ऑफच्या पुढे उभा असतानाही दिसतो. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय होते, ते झिजून गेले, आता रूप बदलतं ते फक्त सर्वनामांचं, ही-हिम, शी-हर, दे-देम. म्हणून तर ‘वन ऑफ देम आर’ लिहितानाही जरा सावध व्हायला वाव असतो, देम हा कर्ता होऊच शकत नाही हे दिसत असतं. नामांच्या बाबतीत ती सोय गेली.

दुसरं कारण शब्दांच्या क्रमाचं, आणि मला वाटतं हे जास्त मोठं आहे. मराठीत आपण विशेषणं, षष्ठी, अमक्यातला-तमक्यावरचा असं सगळं लटांबर नामाच्या आधी मांडतो आणि मुख्य नाम शेवटी येतं. ‘गेल्या वर्षी वेगवेगळ्या विभागांनी पाठवलेल्या सगळ्या अहवालांचा दर्जा’, एवढं सगळं बोलून झालं तरी क्रियापदाच्या अंगाला दर्जाच असतो. इंग्रजीत बरोब्बर उलट, मुख्य नाम आधी सांगून मोकळं व्हायचं आणि मग ऑफ, इन, फ्रॉम, विथ करत शेपूट वाढवत न्यायचं, म्हणजे क्रियापदापर्यंत पोचेपर्यंत खरा कर्ता पार मागे राहिलेला असतो आणि भलतंच नाम क्रियापदाच्या कुशीत बसलेलं असतं. इंग्रजीची वाक्यरचनाच अशी आहे की चुकीचं नाम जवळ येतं. मग माणसाची चूक व्हायला किती वेळ लागणार?

आणि ही फसगत काही फक्त आपली होत नाही. कॅथरिन बॉक आणि कॅरल मिलर या दोघींनी १९९१ साली इंग्रजी भाषकांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले, त्यात लोकांना वाक्याची सुरुवात ऐकवायची आणि ते वाक्य त्यांनी म्हणून पूर्ण करायचं, एवढंच काम होतं. ‘द की टू द कॅबिनेट्स’ अशा धाटणीच्या सुरुवाती, म्हणजे किल्ली एक आणि कपाटं अनेक. आईच्या मांडीवर इंग्रजी शिकलेली माणसंसुद्धा अशा ठिकाणी ‘आर’ आणि ‘वेअर’ म्हणून गेली. त्यातही गंमत अशी की चूक दोन्ही दिशांनी सारखी होत नाही. कर्ता एकवचनी आणि मधलं नाम अनेकवचनी असेल तर माणूस घसरतो, पण किल्ल्या अनेक आणि कपाट एक असेल तर सहसा घसरत नाही. अनेकवचनाला ओढ जास्त असते. हे कळल्यापासून मी मसुदा तपासताना एस लागलेलं नाम क्रियापदाच्या आधी दिसलं की थांबतेच.

आता त्या एसबद्दलही बोलायला हवं, कारण त्याची कथा मला फार आवडते. मराठीत क्रियापदाचा शेवट काम करतो. ‘आलास का?’ आणि ‘आलीस का?’ यात तू म्हणायची गरज नाही, मुलगा की मुलगी ते कळलं, एकटा की अनेक ते कळलं, समोरच्याशी बोलतोय तेही कळलं. इंग्रजीत ‘शी गोज’ मधल्या एसने नवीन काय सांगितलं? शी तर आधीच म्हणून झालंय आणि ते टाळताही येत नाही. त्यामुळे एस गळला तरी अर्थाचं काही बिघडत नाही, आणि ज्याच्यावाचून अडत नाही ते शिकायला मनाला वेळ लागतो. रॉजर ब्राउन यांनी तीन इंग्रजी भाषक मुलांच्या बोलण्याचा सविस्तर अभ्यास १९७३ साली पुस्तकात मांडला, त्यात चौदा छोट्या व्याकरणिक रूपांचा मुलं कुठल्या क्रमाने ताबा मिळवतात ते आहे. अनेकवचनाचा एस चौथ्या नंबरावर येतो, आणि क्रियापदाचा, कानाला अगदी तसाच लागणारा एस, दहाव्या. उच्चार तोच, जीभ तीच, पण एक अर्थ सांगतो म्हणून लवकर येतो आणि दुसरा फारसं काही सांगत नाही म्हणून मागे पडतो. ज्यांना हा एस विसरायला होतो त्यांना आळशी म्हणणाऱ्या शिक्षकांनी हे वाचायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

नामाला एस लागला की अनेकवचन आणि क्रियापदाला लागला की एकवचन, हा प्रकार मुलांना छळवादी वाटतो, आणि वाटणारच. द बॉय प्लेज, द बॉइज प्ले. पण हे दोन एस एकमेकांचे कुणीच लागत नाहीत. नामाचा एस जुन्या इंग्रजीतल्या काही पुल्लिंगी नामांच्या अनेकवचनाच्या प्रत्ययातून आला आणि हळूहळू बहुतेक सगळ्या नामांवर पसरला. क्रियापदाचा एस इंग्लंडच्या उत्तरेतून खाली आला. दक्षिणेत तेव्हा तिथे ‘एथ’ होता, मेकेथ, गिव्हेथ असा. सोळाव्या-सतराव्या शतकात दोन्ही शेजारी शेजारी नांदत होते. शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये दयेवरचं पोर्शियाचं ते प्रसिद्ध भाषण आहे, त्यात एकाच ओळीत ‘ब्लेसेथ’ही आहे आणि ‘गिव्ह्ज’, ‘टेक्स’ही. १६११ च्या बायबलच्या इंग्रजी भाषांतराने मात्र जुना एथच धरून ठेवला. आज एथ गेला, तू-साठीचा ‘दाऊ’ आणि त्याच्या क्रियापदाचा ‘एस्ट’ गेला, बाकीचे प्रत्ययही गेले, वर्तमानकाळात हा एकटा एस मागे उरलाय. एका अख्ख्या घराण्यातलं शेवटचं माणूस आहे ते. मला त्याच्याबद्दल मायाच वाटते.

भूतकाळात तर कुणीच उरलं नाही. ही प्लेड, शी प्लेड, दे प्लेड, सगळ्यांना एकच. अपवाद फक्त वॉज आणि वेअरचा. कॅन, मे, मस्ट यांनाही एस लागत नाही, आणि त्याचं कारण असं की ही क्रियापदं मुळात जुन्या भूतकाळी घडणीची आहेत, आणि भूतकाळात तिसऱ्या पुरुषाला तो प्रत्यय लागतच नसे. हे कारण मुलांना सांगितलं तर ‘शी कॅन्स’ लिहायची हौस आपोआप कमी होते असा माझा अनुभव आहे.

याच्या उलट मराठीचा भूतकाळ बघा. मुलाने चिठ्ठी लिहिली, मुलाने चिठ्ठ्या लिहिल्या, मुलीने निबंध लिहिला. लिहिणारा मुलगा असो की मुलगी, क्रियापद तिकडे ढुंकून बघत नाही, ते कर्माचं ऐकतं, कारण कर्त्याला ‘ने’ लागलाय आणि कर्म मोकळं आहे. आणि दोघांनाही प्रत्यय लागले, ‘मुलीने मांजरांना पकडलं’, की क्रियापद कुणाचंच ऐकत नाही, नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन बसतं. (मी-तू या सर्वनामांचं थोडं वेगळं चालतं, ‘तू चिठ्ठी लिहिलीस’ मध्ये त्या शेवटच्या ‘स’ने तू-लाही जागा दिलीय, पण ते असो.) शाळेत कर्तरी, कर्मणी, भावे अशी नावं पाठ केलेली असतात आणि मार्क मिळाले की विसरून जातो, पण चार वर्षांचं मूल हे सगळं न चुकता बोलतं. वाक्यातल्या प्रत्येक नामाचा अंगरखा तपासून, यातलं मोकळं कोण, हे क्षणात ओळखून क्रियापद त्याला जुळवायचं. ज्याला हे येतं त्याला ‘द टीचर, अलाँग विथ द गर्ल्स, इज’ अवघड का जावं? ‘मुलींसोबत शिक्षक आला’ यात सोबत लागलेल्या मुली क्रियापदाला शिवत नाहीत हे त्याला माहीतच आहे.

मला सगळ्यात लोभस वाटणारं साम्य नकाराचं आहे. ‘शी डझन्ट गोज’ ही चूक फार दिसते, म्हणजे डझमध्ये एकदा एस येऊन गेला तरी पुन्हा गोवर लावायचा. आता मराठी बघा. ‘ती जाते’, नकार केला की ‘ती जात नाही’. ‘ते जातात’, नकार केला की ‘ते जात नाहीत’. जाते-जातातचा शेवट गळून नुसतं ‘जात’ उरलं आणि अनेकवचनाची खूण उचलून ‘नाही’वर गेली, नाहीत. ‘ते जातात नाहीत’ असं आपण स्वप्नातही म्हणणार नाही. इंग्रजीही अगदी हेच करते, गोजचा एस काढून डूवर ठेवते आणि गोला मोकळं सोडते. हे पहिल्यांदा शेजारी शेजारी लिहून बघितलं तेव्हा मला इतका आनंद झाला होता की दिसेल त्याला सांगत सुटले होते. भूतकाळात मात्र हे जुळत नाही. ‘ते गेले नाहीत’ मध्ये दोन्हीकडे खूण राहते, आणि कदाचित म्हणूनच आपल्या हातून ‘डिडन्ट वेंट’ जास्त चिवटपणे होत राहतं.

आदरार्थी बहुवचनाने थोडा घोळ होतो, सर आले, बाबा आले, म्हणून कुणी कुणी ‘अवर सर आर’ लिहितं. (आई मात्र आली. तिला बहुवचन लागत नाही, यावर वेगळं लिहिता येईल.) इंग्रजीतही हे आदराचं बहुवचन होतं आणि अजून आहे, फक्त ते इतकं अंगवळणी पडलंय की दिसत नाही. एका माणसाला आपण ‘यू आर’ म्हणतो, ‘यू इज’ नाही, कारण यू हा मुळात अनेकांसाठी होता, मग मान देण्यासाठी एकालाही वापरायला लागले, थेट आपल्या ‘तुम्ही आहात’सारखा, आणि मान देता देता दाऊच गेला. मधल्या काळात एका माणसासाठी ‘यू वॉज’ म्हणायची पद्धत बरीच रुळली होती. माझ्या मते ती सोयीची होती, एक की अनेक ते कळायचं. पण १७६२ साली, पुढे बिशप झालेल्या रॉबर्ट लाउथने आपल्या व्याकरणात तिच्यावर कडक टीका केली, इतर व्याकरणकारही त्याच बाजूचे, आणि शिष्ट लिखाणातून ती हद्दपार झाली. आज ‘यू वॉज’ अडाणी समजलं जातं. ते म्हणणाऱ्यांचं तर्कशास्त्र काही अडाणी नव्हतं.

समूहवाचक नामांवर लोक भांडतात, द टीम इज की द टीम आर. ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही चालतं, संघ एक वस्तू म्हणून डोळ्यासमोर असेल तर इज आणि त्यातली माणसं असतील तर आर, अमेरिकेत बहुतेक वेळा इज. एक काहीतरी धरा आणि शेवटच्या पानापर्यंत तेच ठेवा, यापलीकडे मी कुणाला काही सांगत नाही. पोलीस आर, कारण मराठीतही पोलीस आले. न्यूज इज, इथे मराठी कान दगा देतो कारण बातम्या असतात. पण यातलं एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. १७८७ च्या अमेरिकन राज्यघटनेत देशद्रोहाची व्याख्या आहे तिथे युनायटेड स्टेट्ससाठी सर्वनाम आहे ‘देम’. त्यांच्याविरुद्ध युद्ध पुकारणं, त्यांच्या शत्रूंना सामील होणं. गुलामगिरी संपवणाऱ्या १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीतही ‘देअर’च आहे. ती राज्यं होती, अनेक होती. नंतर हळूहळू सगळीकडे ‘द युनायटेड स्टेट्स इज’ झालं. नावातला एस जिथल्या तिथे राहिला, लोकांच्या मनात त्या नावामागे एक देश उभा राहिला, आणि क्रियापद मनातल्या त्या चित्राचं ऐकायला लागलं.

‘द नंबर ऑफ’ आणि ‘अ नंबर ऑफ’चं तसंच. पहिल्यात संख्येबद्दल बोलणं चाललंय, विद्यार्थ्यांची संख्या वाढली, म्हणून हॅज. दुसऱ्यात बरेच विद्यार्थी आले, म्हणून हॅव. आणि ज्यावर इंग्रजीवालेही अडखळतात ते ‘वन ऑफ दोज पीपल हू’ मराठीत एका अक्षरावर सुटतं. ‘तो अशा लोकांपैकी आहे जे दिलेला शब्द पाळतात.’ जे, जो नाही. म्हणून ‘हू कीप’. इंग्रजीतल्या ‘हू’ला वचन नाही, आपल्या जो-जी-जेला लिंगही आहे आणि वचनही. अडलं की मी चक्क समासात पेन्सिलीने जे किंवा जो लिहून ठेवते आणि मग इंग्रजी दुरुस्त करते.

‘एव्हरीवन’च्या बाबतीत मात्र आपल्या तोंडात आधी ‘सगळे’ येतं आणि सगळे आले म्हणून ‘एव्हरीवन हॅव’ लिहिलं जातं. त्या मुलाला मी सांगितलं, सगळे नको, ‘प्रत्येकजण’ म्हणून बघ, प्रत्येकजण आला. त्यावर त्याने फार नेमकं विचारलं, “मग पुढे देअर रिपोर्ट कसं चालतं ताई, हॅज एकवचन आणि देअर अनेकवचन?” चालतं, आणि शेकडो वर्षं चालत आलंय, कारण प्रत्येकजण बाई की पुरुष हे माहीत नसतं आणि इंग्रजीकडे आपल्या ‘आपला’सारखं सर्वनाम नाही. ‘प्रत्येकाने आपला अहवाल दिला’ यात आपण तो प्रश्न येऊच देत नाही. हे दे-देअर आता एका माणसासाठी उघडपणे वापरतात, आणि माणूस एकच असला तरी पुढे ‘दे आर’च येतं, अगदी ‘यू आर’सारखं, कारण क्रियापद इथे माणसं मोजत नाही, शब्दाचं जुनं वचन पाळतं. काही जण अजून त्याला नाकं मुरडतात आणि ‘हिज ऑर हर’ करायला लावतात. मी मसुद्यात ‘एव्हरीवन हॅव सबमिटेड देअर रिपोर्ट’ दिसलं की हॅवचं हॅज करते आणि देअर तसंच ठेवते.